डावीकडं घासतंय

आठव्या दिवशी दिसली.
शाहू मार्केट यार्डात, सौदा सुरू व्हायच्या आधी,
रव्याचं कापड उलगडून
गुळाचा कोपरा टवकावा म्हणून चाकू उघडला,
तर पात्यावर, पाठीपासून दोन सूत खाली,
एक रेघ.
केसाएवढी. नखाला लागत नाही.
पण उन्हात धरली की
डोळ्यात कुसळ गेल्यासारखी.

बोनसातले अकराशे मोजून घेतला होता.
आठ दिवस रुमालात.
किल्ल्यांच्या खिशात नाही, सुट्ट्या पैशांच्या नाही,
त्याला वेगळा खिसा, शर्टाचा, वरचा.
तिथं पेन असायचं, ते कानावर गेलं.
आणि लावला तरी कशाला होता मी,
गुळाशिवाय?
गूळ कुणाला ओरखडतो?

रात्री सुनंदा झोपल्यावर
मोबाइलच्या उजेडात मिटून बघितला.
पातं मधोमध बसत नाही.
डावीकडं कलतं, आतल्या पितळेला टेकतं,
उघडताना, मिटताना,
त्याच जागी, रोज.
आठ दिवस मी जगापासून जपत होतो
आणि हे आपलं घरातच.

रविवारी लक्ष्मीपुरीत, दस्तगीर शिकलगारांकडं.
बस म्हणाले नाहीत, हातच पुढं केला.
कानाजवळ नेऊन उघडला, मिटला, उघडला.
"डावीकडं घासतंय."
म्हटलं, दिसलंय मला ते.
"दिसतंय ते येगळं. ऐक."
मला काही ऐकू आलं नाही.
शेजारी वेल्डिंग चाललं होतं.

स्क्रू सोडला. सांध्यात
गुळाचा एक कण, काळा, दगड झालेला.
तो सुईनं काढला, जिभेवर ठेवला,
"कर्नाटकी?"
"शिरोळचा," मी म्हणालो, जरा रागानंच.
मग तांब्याचा एक वायसर, कागदासारखा,
तेलाचा एक थेंब, अर्धा आटा ढिला.
पातं हललं, मधोमध आलं.

"आणि रेघ?"

"काढतो की.
पर रेघ कुठं काढता येती?
ती जेवढी खोल हाय
तेवढं बाकीचं पातं खाली आणायचं.
सांग, आणू?"

मी गप्प.
तेव्हा त्यांनी आपला चाकू काढला, बनियनच्या आतून.
मूठ कशाची, शिंगाची की लाकडाची, ओळखू येईना.
पातं झिजून कडुनिंबाच्या पानाएवढं.
मी उजेडाकडं फिरवून रेघ शोधली.
नव्हती.
"हुती," म्हणाले. "ती जागाच ऱ्हायली न्हाई."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कात्री उचलली.

पंधरा रुपये झाले. वीस दिले.
परत आलेलं पाचचं नाणं
चाकूबरोबर एकाच खिशात पडलं
आणि बिंदू चौक येईपर्यंत ध्यानातच नाही.
ध्यानात आल्यावर थांबलो.
मागून रिक्षावाला ओरडला, "भावा, घरी जाऊन आठव की!"
खिशात हात घातला.
दोन्ही सारखेच कोमट झाले होते.
नाणं तिथंच राहू दिलं.

सोमवारी सौदा.
पोवारांचा माल, पिवळाधमक, कण बारीक.
चाकू उघडला. आवाज आता मऊ आहे,
म्हणजे मला ऐकू येतो, किंवा येतोसं वाटतं.
कोपरा टवकून व्यापाऱ्याच्या तळव्यावर ठेवला.
चाखताना त्याचं लक्ष पात्यावर.
"नवा घेतलास?"

पातं पँटीला पुसलं.
रेघ चमकली आडवी, उन्हात, सगळ्यांसमोर.
"वापरातला हाय," म्हटलं.
"तुम्ही भाव बोला."